दारू सुटल्यावरची वही

दारू सोडून तीन-चार महिने झाले की बऱ्याच जणांची एक अवस्था येते, आणि तिच्याबद्दल व्यसनमुक्ती केंद्रातून घरी सोडताना कुणी पुरेसं सांगत नाही. अंग सावरलेलं असतं. हात थरथरत नाहीत, जेवण जातं, रात्री थोडी सलग झोप लागते. घरात भांडण नसतं. आणि नेमकं तेव्हाच, कामावर जाताना, जेवताना, कूस बदलताना, जुनं एकेक आठवायला लागतं. बायकोच्या गहाण टाकलेल्या पाटल्या. वडिलांच्या दहाव्याला आपण कुठे पडलो होतो ते. पोरगी शाळेच्या गॅदरिंगच्या आदल्या दिवशी "पप्पा, तुम्ही नका येऊ" म्हणाली होती ते. इतकी वर्षं हे आठवायच्या आतच माणूस पीत होता. आता पीत नाही, म्हणून आठवतं.

मी इचलकरंजीत व्यसनमुक्तीच्या कामात आहे. उपचार संपवून गेलेल्या रुग्णमित्रांच्या घरी फॉलोअपला जाणं हे माझं मुख्य काम. बहुतेक यंत्रमाग कामगार, थोडे रिक्षावाले, गवंडी, काही शिक्षकसुद्धा. परत प्यायला लागलेल्या माणसाला कारण विचारलं तर तो आधी मित्रांचं, लग्नाचं, टेन्शनचं नाव सांगतो. जरा निवांत बसून बोललं की खालून निघतं ते वेगळंच: "ताई, मी कुठं माणूस उरलोय? माझं काय चांगलं होणार?" म्हणून स्वतःला माफ करणं हा मी उपचाराचाच भाग मानते, गोळ्या-औषधांइतकाच. आणि त्याची रीत आहे. ती इथे सांगते. उदाहरणं दारूची देते, कारण माझं काम तिथलं. गांजा, गोळ्या, मोबाइलवरचा जुगार यातून बाहेर आलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी मनातली टोचणी नीट वेगळी करायला शिका. "मी मेव्हण्याचे पंधरा हजार बुडवले" ही केलेल्या गोष्टीची टोचणी. तिचं काहीतरी करता येतं. पैसे फेडता येतात, तोंडानं कबूल करता येतं. "मी हरामखोर आहे" ही लाज, आणि तिचं काहीच करता येत नाही. जो मुळातच हरामखोर, त्यानं फेडलं काय अन् बुडवलं काय, प्यायला काय अन् नाही प्यायला काय? लाज माणसाला परत गुत्त्यावर नेते ती याच हिशेबानं. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या लाजेचे तुकडे करून त्यातून करता येण्यासारखी कामं वेगळी काढण्यासाठी आहे.

केंद्रात तुम्हाला शिकवलं असेल की दारूचं अवलंबित्व हा आजार आहे. ते खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याला स्वतःची जागा आहे, आणि "मनाचा कमकुवतपणा" एवढ्यानं तो समजत नाही. हे स्वतःला जरूर सांगा. पण घरी जाऊन बायकोला "मला आजार होता" असं सांगू नका. ते तिला डॉक्टरांकडून, समुपदेशकाकडून, पुस्तकातून कळू द्या. तुमच्या तोंडून ते हात झटकल्यासारखं ऐकू येतं.

आधी शरीर

अजून पीत असाल आणि हे वाचून आज रात्रीपासून बंद करायचं ठरवत असाल तर थांबा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, ताप, घाम, असंबद्ध बडबड सुरू होऊ शकते. डॉक्टर त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. तेव्हा दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. सरकारी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही हे होतं. बी-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, डॉक्टर देतात ते मुकाट्यानं घ्या. ते कमी पडलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

सोडल्यावरचा पहिला महिना फक्त जेवण, झोप, आंघोळ आणि मीटिंग, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या गटाची बैठक, एवढ्यासाठीच ठेवा. या दिवसांत कुणाची माफी मागायला जाऊ नका. डोकं अजून धूसर असतं, रडू पटकन येतं, आणि भरात माणूस नको ती वचनं देऊन बसतो.

शपथ नको, पाय धरणं नको

मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणं हे आपल्याकडे घरोघरी झालेलं असतं. सासू घ्यायला लावते, आई घ्यायला लावते. माझं ठाम मत आहे की हे कधीही करू नये. शपथ मोडली की दारूच्या जोडीला "मी पोराच्या जिवावर उठलो" ही भीती येते. ज्याच्या डोक्यावर हात ठेवला होता ते मूलही ती भीती मनात धरून वाढतं. शाळेत ताप आला तर त्याला वाटतं, पप्पांनी शपथ मोडली म्हणून आला.

पाय धरण्याचंही तसंच. बायकोनं ते इतक्या वेळा पाहिलेलं असतं की तुम्ही खाली वाकलात की ती दोन पावलं मागे सरकते. "माफ कर, परत नाही असं होणार" हे वाक्य तिनं नशेत ऐकलंय, नशा उतरल्यावर ऐकलंय, पोलीस चौकीच्या बाकावर ऐकलंय. ते वाक्य काही काळ बाजूला ठेवा. वर्षभर ते तोंडातून काढलं नाही तरी चालेल.

माळेचं जरा वेगळं आहे. तुळशीची माळ घातलेल्या माणसाला आपल्या भागात कुणी पिण्याचा आग्रह करत नाही, आणि "माळकरी आहे" एवढं म्हटलं की पुढचं बोलणंच खुंटतं. नव्यानं सोडलेल्या माणसाला हा मोठा आधार आहे. पंढरीला जाऊन माळ घातलेले आणि वर्षानुवर्षं व्यवस्थित राहिलेले लोक मी पाहिलेत. पण माळ घातली म्हणून औषध बंद, मीटिंग बंद असं करू नका. आणि घसरलात तर "आता विठ्ठलालाही तोंड दाखवायची सोय राहिली नाही" म्हणून पुढचे महिने पीत राहू नका. माळ उतरवून ठेवा, डॉक्टरांकडे जा, सावरल्यावर परत घाला. कीर्तनकार महाराजांना विचारा, तेही हेच सांगतील.

वही

दोनशे पानी साधी वही आणा. मोबाइलमध्ये लिहू नका. मोबाइल घरातल्या कुणाच्याही हातात जातो, आणि हाताने लिहिताना माणूस हळू होतो. ती कपाटात कुलपात ठेवायची.

चाळिशीतला एक मागावरचा कामगार. मी त्याला वही दिली आणि आठवड्यानं गेले. पहिल्या पानावर एकच वाक्य होतं: "मी माझ्या बायकापोरांचं वाटोळं केलं." तो ते वाक्य दाखवून रडायला लागला. मी म्हटलं, रडा, पण हे पान आपल्या कामाचं नाही. या वाक्याचं उद्या सकाळी उठून काय करणार तुम्ही? दुसरं पान काढा. त्यावर चार रकाने पाडा. कुणाचं, काय केलं, त्याचं नेमकं काय गेलं, आणि आता माझ्या हातात काय आहे.

दुसऱ्या पानावर त्यानं जे लिहिलं ते असं होतं. थोरल्या मेव्हण्याकडून सासूच्या ऑपरेशनचं नाव सांगून पंधरा हजार घेतले. सासूचं ऑपरेशन नव्हतंच. एका दिवाळीला बोनस घेऊन तीन दिवस घरी आलो नाही. पोरीचा ड्रेस राहिला, ती चुलत बहिणीच्या जुन्या ड्रेसवर बसली. शेजारच्या काकूंची तांब्याची कळशी नळावरून उचलून मोडीत घातली. काकूंनी त्यांच्या सुनेवर संशय घेतला. मागांची दुरुस्ती बघणाऱ्या जॉबरशी भांडलो, त्याच्या पोराच्या बारशात जाऊन शिव्या दिल्या.

या चार नोंदी लिहायला त्याला तास लागला. पण लिहून झाल्यावर तो रडत नव्हता. कळशीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "ताई, हे करता येईल." वहीचा उपयोग तोच. "वाटोळं" या शब्दापुढे माणूस हतबल असतो. कळशीचं दुकान मात्र मेन रोडला असतं.

लिहिताना काही गोष्टी पाळा. एका वेळी एकाच माणसाबद्दल लिहा आणि अर्ध्या तासाच्या वर बसू नका. रात्री झोपण्याआधी अजिबात लिहू नका. सकाळी चहा झाल्यावर लिहा. "पण तोही तसाच होता", "पण तीही मला बोलली होती" हे वहीत नको. ते खरं असेलही, पण ही वही तुमच्या बाजूची आहे. आणि तुमचं स्वतःचं काय गेलं तेही एका पानावर लिहा: नोकरी, दात, मित्र, कुस्तीची आवड, पेटी वाजवणं. स्वतःवर केलेला अन्यायही नोंदला गेला पाहिजे. हे पान बहुतेक जण सोडून देतात. मी परत लिहायला लावते.

वही कुणाला वाचून दाखवायची

वही एका माणसाला पूर्ण वाचून दाखवायची असते. बायकोला नाही. तिला हे सगळं ऐकवणं म्हणजे तुमचं ओझं तिच्या डोक्यावर देणं, आणि त्यातलं निम्मं तिला ठाऊक नसतं. समुपदेशकाला वाचून दाखवा किंवा, माझं ऐकाल तर, स्वतः या आजारातून बाहेर आलेल्या माणसाला.

हे कुठून आलं ते सांगते. 1935 साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस हॉटेलात एकटा होता. धंद्याचं काम फसलेलं, दारू सोडून काही महिनेच झालेले, समोर बार. प्यायच्या ऐवजी त्यानं फोनाफोनी करून गावातला दुसरा दारुड्या शोधला. तो निघाला डॉ. बॉब स्मिथ, सर्जन. दोघं तासन्‌तास बोलले, आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, आपली ए.ए., उभी राहिली. त्यांच्या इतिहासात असंही सांगतात की डॉ. बॉब ज्या दिवशी शेवटचं प्यायले त्याच दिवशी ऑपरेशन आटोपून ते ज्यांना तोंड चुकवत होते त्यांच्याकडे एकेक करून गेले आणि रात्री उशिरा घरी आले. पुढे ए.ए.च्या बारा पायऱ्या लिहिल्या गेल्या तेव्हा मात्र स्वतःचा हिशेब लिहिणं चौथ्या पायरीवर, तो दुसऱ्याला सांगणं पाचव्या, आणि प्रत्यक्ष भरपाई थेट नवव्या पायरीवर ठेवली गेली. मला हा क्रम पटतो. घाईघाईत मागितलेली माफी मी फार वेळा फसताना पाहिली आहे.

पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं. तिथेही सुरुवातीपासून उपचार घेऊन बरे झालेले लोकच पुढे कार्यकर्ते, समुपदेशक झाले. त्याचं कारण उघड आहे. तुम्ही "मी कळशी चोरली" म्हटल्यावर समोरचा माणूस दचकत नाही. तो म्हणतो, "मी बायकोचं जोडवं विकलं होतं. पुढचं वाच." त्या क्षणी माणसाचा खांदा खाली येतो. हे मी समोर बसून पाहिलंय, आणि माझ्या समुपदेशनानं ते तितकं होत नाही हेही पाहिलंय.

फेडायचं कसं

पैशांपासून सुरुवात करा, कारण ते मोजता येतात. सगळ्यांची यादी करा: किराणावाला, मेव्हणा, बायकोच्या बचत गटाचं कर्ज, पतसंस्था, सावकार. सगळ्यांना एकदम फेडायला जाऊ नका. नवीन कर्ज काढून जुनं फेडायचं तर नावच नको. बायकोच्या बचत गटाचा हप्ता पहिला, कारण तिथे तिला बायकांपुढे मान खाली घालावी लागते. बिनपरवाना सावकार व्याजावर व्याज लावून धमकावत असेल तर गप्प बसू नका. महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमनाचा कायदा आहे, आणि तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते.

रक्कम लहान ठेवा, तारीख चुकवू नका. त्या मागवाल्यानं मेव्हण्याला महिन्याला पाचशे द्यायचं ठरवलं. पहिल्यांदा गेला तेव्हा मेव्हणा म्हणाला, "राहू दे की दाजी, आमचं काय अडलंय त्याच्यावाचून?" हा म्हणाला, "तुझं नाही अडलं, माझं अडलंय. घे." मला हे उत्तर इतकं आवडलं की मी सगळ्यांना ते पाठ करायला सांगते. समोरचा नको म्हणाला तरी पैसे द्या. तो मोठेपणानं नको म्हणतो, पण तुमचा हिशेब त्यानं मिटत नाही.

मेव्हण्याला सासूच्या ऑपरेशनचं खोटं सांगितलं होतं, तेही त्यानं पहिल्याच हप्त्याला सांगितलं. कसं सांगायचं याची आम्ही तालीम केली होती. लांबण लावायची नाही, रडायचं नाही, दारूवर ढकलायचं नाही. "मी तुझ्याकडून आईंच्या ऑपरेशनचं सांगून पैसे नेले. ऑपरेशन नव्हतं. मी खोटं बोललो. महिन्याला पाचशे देणार आहे." एवढंच. मग गप्प बसायचं आणि समोरचा जे बोलेल ते ऐकायचं. शिव्या दिल्या तर शिव्या ऐकायच्या. तुम्ही माफी गोळा करायला गेलेला नसता. तुम्हाला एक खरी गोष्ट सांगायची असते, ती सांगून झाली की काम झालं.

कळशीचं जास्त अवघड होतं, कारण त्यात काकूंच्या सुनेवर आळ आला होता. तिथे नवी कळशी ठेवून परत येणं पुरलं नसतं. त्यानं काकू आणि सून दोघी घरात असताना जाऊन सांगितलं. सून आत निघून गेली, एक शब्द बोलली नाही. त्याला वाटलं सगळं फुकट गेलं. मी म्हटलं, इतकी वर्षं ती घरात चोर म्हणून वावरली, आज तिला सगळ्यांसमोर मोकळं केलंत तुम्ही. तिनं तुमच्याशी गोड बोलावं असं का वाटतं तुम्हाला?

काही ठिकाणी जायचं नाही. ए.ए.ची नववी पायरीही हेच सांगते: भरपाई करा, पण त्यानं त्या माणसाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल तिथे नको. बाहेरचे संबंध होते आणि बायकोला ठाऊक नाहीत, किंवा त्या बाईचा आता संसार आहे, तर मन हलकं करायला तिच्या दारात जाऊ नका. ते समुपदेशकापुढे बोला. मात्र बायकोच्या तब्येतीला धोका होईल असं काही असेल तर लपवू नका, डॉक्टरांच्या मदतीनं तपासणी करून सांगा. आणि ज्यानं "माझ्यासमोर येऊ नको" सांगितलंय त्याच्यासमोर जाऊ नका.

जे गेले त्यांचं काय, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. आई गेली तेव्हा शुद्धीत नव्हतो, आता कुणाला सांगू? पत्र लिहा. आईला लिहितोय असं समजून, नावानिशी, तिच्याशी बोलायचात त्या भाषेत. मग ते वही ऐकणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. आणि आईसाठी जे करायला हवं होतं ते एखाद्या जिवंत माणसासाठी करा. एका रिक्षावाल्याच्या आईला डायलिसिसला न्यायचं त्याच्याकडून वरचेवर चुकलं होतं. तो आता गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना डायलिसिसला मोफत नेतो. तो याबद्दल कुणाशी बोलत नाही, बोलूही नये.

बायको आणि मुलं

बायको तुम्हाला माफ करील की नाही हा तिचा प्रश्न आहे. मारहाण झाली असेल तर हे दोनदा वाचा. दारू सुटली म्हणजे तिनं परत नांदायला यावं असं नाही. ती माहेरी राहिली, वेगळं घर मागितलं, केस मागे घेतली नाही, तरी तुमचं बरं होणं थांबत नाही आणि थांबायला नको. "मी तुझ्यासाठी सोडली" असंही म्हणू नका. त्यात पुढच्या घसरणीचं खापर आधीच तिच्या डोक्यावर फुटतं.

ती राहिली असेल तर तिचा राग आता निघेल. तुम्ही पीत होता तेव्हा तिला राग काढायची सोय नव्हती. घर सांभाळायचं होतं, मार चुकवायचा होता. आता तुम्ही शुद्धीत आहात आणि ऐकू शकता, म्हणून ती पाच वर्षांपूर्वीचं काढते. पुरुष मला म्हणतात, "प्यायचो तेव्हा एवढी बोलत नव्हती." मी सांगते, ही चांगली खूण आहे. ऐका. असह्य झालं तर "मी अर्ध्या तासात येतो" असं सांगून बाहेर चक्कर मारा, आणि अर्ध्या तासात या.

डॉक्टरांनी डायसल्फिरामची गोळी दिली असेल तर ती रोज सकाळी तिच्यासमोर घ्या. ही गोळी चालू असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही हे होऊ शकतं. म्हणून ती कुणाच्याही नकळत आमटीत कालवायची नसते. घरच्यांनी हे वाचलं तर कृपा करून लक्षात ठेवा, त्यानं माणसाचा जीव जाऊ शकतो. पण स्वतःहून, उघडपणे, चहाबरोबर समोर घेतलेली गोळी हे रोजचं न बोलता दिलेलं वचन आहे. शपथेपेक्षा मला ते कितीतरी पटतं.

मुलं वास घेतात. तुम्ही दारातून आत आलात की मुलगी पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ येते आणि तोंडाचा वास घेते. डबा धुवायला घेते तेव्हा पिशवी चाचपते. त्या मागवाल्याच्या पोरीनं असं केलं तेव्हा तो भडकला, "अजून विश्वास नाही व्हय माझ्यावर?" पोर थरथरायला लागली. मग आम्ही ठरवलं की तो स्वतःच दारात उभं राहून "ये, बघ" म्हणेल. त्यानं महिनोन्‌महिने ते केलं. एके दिवशी ती टीव्हीसमोरून उठलीच नाही, बसल्या जागेवरून "पप्पा, चहा ठेवलाय" म्हणाली.

मुलांना वस्तू देऊन भरपाई करू नका. सायकल, मोबाइल, महागडा ड्रेस यांनी कर्ज वाढतं आणि पोराला कळतं की पप्पांना माझी भीती वाटते. वेळ द्या, आणि तो ठरलेला द्या. शाळा पाचला सुटत असेल तर पाचला दहा मिनिटं कमी असताना फाटकाशी उभे राहा.

संध्याकाळ, पगार, सण

तलफ येते ती बहुतेकदा सहा ते नऊ. तलफ कायम टिकत नाही, वाढते आणि साधारण अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो. ए.ए.त सांगतात की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांपैकी काही आहे का ते आधी बघा. मागावरची पाळी सुटल्यावर हे चारही एकदम असतात. म्हणून पाळी सुटायच्या आधी पिशवीत शेंगदाणे-गूळ, केळं, काहीतरी ठेवा आणि कारखान्याच्या दारातच खा. पोट भरलेलं असलं की गुत्त्याचा रस्ता टाळणं खूप सोपं जातं. रस्ताही बदला, लांब पडला तरी.

आठवड्याचा पगार सुरुवातीला बायकोच्या किंवा आईच्या खात्यात थेट जमा करायला सांगा. खिशात चहा आणि रिक्षापुरते पैसे. फोनवरून पैसे पाठवायची सोय काही महिने बंद ठेवा. यात कमीपणा नाही, आणि हे कायमचंही नाही. सहा महिन्यांनी, वर्षानं, दोघांनी बसून थोडा थोडा व्यवहार परत हातात घ्यायचा. कायम दुसऱ्याच्या हातात राहिला तर माणूस घरात लहान मूल होऊन बसतो, तेही बरं नाही.

आषाढ अमावस्येची गटारी, धुळवड, 31 डिसेंबर, गावची यात्रा, मित्राच्या भावाची हळद. या तारखा कॅलेंडरवर लाल पेनानं खुणा करून ठेवा आणि त्या दिवशी कुठे असणार हे आधीच ठरवा. पहिल्या वर्षी हळदीला जाऊ नका. लग्नाला अक्षता टाकायला जा, जेवून लगेच निघा. लोक नावं ठेवतील. ठेवू द्या.

घसरलं तर

स्लिप, म्हणजे सोडल्यावर परत पिणं, होऊ शकते. ती व्हायलाच पाहिजे असं नाही, पण झाली तर काय करायचं ते आज, शुद्धीत असताना, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा: कुणाला फोन करणार, कोणत्या डॉक्टरांकडे जाणार, घरच्यांनी काय करायचं. त्याच दिवशी फोन करा. "उद्या सांगतो" म्हणालात तर ती रात्र पिण्यात जाते. ब्राऊन शुगर किंवा तसली गोळी-इंजेक्शनं सोडलेल्यांनी हे फार जपा: मध्ये खंड पडल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि जुन्या मापानं घेतलं तर श्वास थांबून मरण येतं.

जीव नकोसा वाटायला लागला तर टोचणीचा हिशेब बाजूला ठेवा आणि लगेच कुणाला तरी जवळ बोलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे. दोन्ही मोफत आहेत.

स्लिपनंतर लोक वही फाडतात. "सगळं शून्यावर आलं" म्हणतात. सोडल्याची तारीख नवी लिहावी लागते हे खरं, पण बाकी काही पुसलं जात नाही. मेव्हण्याला दिलेले हप्ते दिलेलेच राहतात, सुनेवरचा आळ गेला तो गेलाच. पुढचा हप्ता ठरलेल्या तारखेलाच न्या, आणि मेव्हण्याला सांगा की गेल्या आठवड्यात प्यायलो होतो, आता डॉक्टरांकडे जाऊन आलोय.